अकरा टक्क्यांच्या ताई

सातपिंपरी शहरात एखाद्या गटारावर झाकण बसलं, तरी दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी तीन फलक उभे राहत. एकावर नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो, दुसऱ्यावर माजी नगरसेवकाचा आणि तिसऱ्यावर अशा गृहस्थाचा, ज्यानं त्या गटाराबद्दल कधीतरी महापालिकेत निवेदन दिलेलं असे. पुढे ते झाकण चोरीला गेलं की तिन्ही फलक मुकाट उतरवले जात. चोरीचं श्रेय घ्यायला कुणी पुढे येत नसे.

या फलकबाजीला कंटाळून निवडणूक आयोगानं नियम काढला. ज्या कामाचा दावा कराल, त्या कामातला तुमचा श्रेयांक फलकावर तुमच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत छापायचा. श्रेयांक काढणारं यंत्र प्रत्येक महापालिकेत बसवलं गेलं. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, लोक त्याला श्रेयमापक म्हणत.

कल्पना तशी सोपी होती. आमटीत मिठाचं श्रेय किती, हे कळायचं असेल तर एकदा बिनमिठाची आमटी करून बघावी. श्रेयमापकात अख्खं शहर आकड्यांच्या रूपानं उतरवलेलं होतं. नळांवरचे दाबमापक, घरोघरचे मीटर, दवाखान्यांच्या नोंदी, विजेचा वापर, कर्मचाऱ्यांची हजेरी, असं दहा वर्षांचं सगळं. त्यातून यंत्र शहराची एक प्रतिकृती चालवी. मग तिच्यातून एक माणूस किंवा एक निर्णय वजा करी आणि तीच दहा वर्षं पुन्हा चालवून बघे. हे लाखो वेळा चाले. कधी हा वजा, कधी तो, कधी दोघेही एकदम, कारण दोघांनी मिळून ओढलेल्या गाड्यात एकट्याचा जोर एरवी कळत नाही. प्रत्येक वजाबाकीत शहराचं किती बिघडलं, त्याची सरासरी म्हणजे त्या माणसाचा श्रेयांक.

बहुतेक पुढाऱ्यांनी या यंत्राला शिव्या घातल्या. महापौर उर्मिला ताठे यांनी मात्र त्याची पूजा केली, अगदी हळदीकुंकू वाहून. त्याला कारण होतं. पंधरा वर्षांपूर्वी वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, म्हणून रमाकांत ताठ्यांनी बायकोला उभं केलं. तेव्हापासून रस्ता झाला की लोक म्हणत, ‘भाऊंनी केला.’ रस्ता खचला की म्हणत, ‘बाई काय करणार बिचारी.’ पुढे थेट जनतेतून महापौर निवडायचा कायदा आला, महापौराला कारभाराचे अधिकार मिळाले, उर्मिलाताई निवडून आल्या. रमाकांत तर तोवर घरी बसून मंगल कार्यालय चालवत होते. तरी लोकांच्या तोंडचे भाऊ काही गेले नाहीत. पाच वर्षांत ताईंनी एक काम जिवाच्या आकांतानं केलं होतं. भैरोबाच्या टेकडीवरच्या सहा हजार घरांना पूर्वी चौथ्या दिवशी पाणी यायचं, ते आता रोज सकाळी येत होतं. दुसऱ्यांदा निवडून यायचं ते त्याच जोरावर. यंत्र आता काय तो निकाल लावील, असं त्यांना वाटत होतं.

निकाल घेऊन शहर अभियंता राजश्री काळोखे त्यांच्या दालनात आली. पस्तिशीची, कमी बोलणारी बाई.

“आधी भाऊंचा आकडा सांग,” ताई म्हणाल्या.

“उणे दोन टक्के.”

“उणे?”

“म्हणजे ते नसते, तर टेकडीला जरा जास्त पाणी गेलं असतं. तुमच्या बंगल्यात आणि मंगल कार्यालयात नळालाच मोटरा जोडल्यात. त्या पाणी ओढतात.”

ताई इतक्या हसल्या की शिपाई डोकावून गेला. पंधरा वर्षांचं उट्टं एका आकड्यानं निघालं होतं. डोळे पुसत त्यांनी विचारलं, “आणि माझा?”

“अकरा.”

ताईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. एक्क्याऐंशी असेल, एक्क्याण्णव असेल. त्यांनी कागद ओढून घेतला. धरण आणि पाऊस मिळून आठ. इतर किरकोळ सहा. नवी टाकी बांधण्याचा महापौरांचा निर्णय, अकरा. खालच्या पेठेतली चार हजार घरं मिळून एकोणीस. आणि सगळ्यांत वर एक नाव होतं, बाबालाल शिकलगार, अठ्ठावन्न टक्के.

“हा कोण?”

“चावीवाला. टेकडीच्या लाइनचे व्हॉल्व्ह उघडतो.”

“चावी फिरवण्याचे अठ्ठावन्न?”

“मीही तीनदा तपासलं ताई. पाच वर्षांत त्यानं तेवीस दिवस रजा घेतली. मुलीचं लग्न आणि कावीळ. त्या तेवीस दिवसांत टेकडीवरचा दाब बघा. दोन्ही वेळा चार-पाच दिवसांनी धार बारीक होत गेली.”

ताईंनी फलकाचा मजकूर मनातल्या मनात वाचून बघितला. ‘टेकडीला पाणी आणणाऱ्या ताई’, आणि खाली तेवढ्याच अक्षरांत ‘११ टक्के’. जेवताना त्यांनी रमाकांतना आकडे सांगितले. उणे दोनाचं त्यांना काही वाटलं नाही. ते म्हणाले, “चला, बरं झालं. इतकी वर्षं लोक म्हणायचे, महापौर नावाला आणि काम करणारा दुसराच. तो मी नव्हे, एवढं तरी सिद्ध झालं.”

ताईंनी ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला त्या कुणाला न सांगता टेकडीच्या पायथ्याशी गेल्या. शत्रू बघून यावा तसं त्यांना तो माणूस बघायचा होता.

बाबालाल छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचा, काटकुळा माणूस होता. सायकल भिंतीला टेकवून तो खड्ड्याशी उकिडवा बसला होता. एक लोखंडी सळई त्यानं पाइपवर उभी धरली होती आणि तिच्या वरच्या टोकाला कान लावला होता. ताईंना बघून तो गडबडीनं उठला.

“बसा, बसा. काम चालू द्या. काय ऐकताय?”

“पाणी ऐकतोय ताई. कुठं चढलंय, कुठं अडलंय, समदं बोलतंय की ते.” मग त्यानं खांद्याएवढी लांब चावी व्हॉल्व्हला लावली, पाव फेरा फिरवली आणि थांबला.

“एवढं हळू? तिथं आपोआप फिरणारे व्हॉल्व्ह बसवलेत ना आपण?”

“बसवल्यात. मी ते बंद ठेवतो, माफी असावी. ते यंत्र झटक्यात दार लावतंय. धावत्या माणसाला एकदम धरलं तर पडंल का न्हाई? तसंच पाण्याचं हाय. ते माघारी फिरून पाइपवरच डोकं आपटतंय. आपल्या जुन्या सांध्यांना ते सोसायचं न्हाई.”

अर्ध्या तासानं तो सायकलवर बसला, खालच्या पेठेच्या तोंडाशी गेला आणि तीनदा घंटी वाजवली. ताई मागोमाग गाडीतून गेल्या. गल्लीतल्या मोटरांची घरघर एकेक करून थांबत गेली. कुणी परकर खोचलेली बाई अंगणात आली, नळ बंद केला आणि पुन्हा आत गेली.

“हे काय?”

“खालच्यांचं भरलं, आता वरच्यांचं. घंटी झाली की बंद करायचं, असं ठरलंय.”

“कुणी ठरवलं?”

बाबालाल ओशाळला. “पयल्यांदा लई शिव्या खाल्ल्या ताई. मग खालच्या एकेका बाईला टेकडीवर नेली. म्हटलं, वैनी, ही भरली घागर घ्या आणि एकदा चढून दाखवा. दोन वर्षं गेली त्यात. पेठेतल्या तुमच्या बंगल्यावर बी आलतो, पर वॉचमननं आत सोडलं न्हाई.”

टेकडीवर मालन धोत्रे नावाच्या बाईनं ताईंना आग्रहानं घरात नेलं. महापौर दारी आल्या म्हणून काचेच्या कपाटातली फुलाफुलांची कपबशी काढली, पुसली, तिच्यात चहा दिला. मग खिडकीवर पालथा ठेवलेला स्टीलचा पेला तिनं न बघताच उचलला, भरला आणि बाहेर उभ्या बाबालालच्या हातात दिला. “चाचा, आलं संपलंय, आज बिनआल्याचाच,” एवढंच म्हणाली.

तो पेला रोजचा होता. कपबशीवर धुळीची बारीक रेघ राहिली होती. उर्मिलाताईंना हेवा वाटला. साधा, उघडा हेवा. टाकीसाठी त्या मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत होत्या तेव्हा हा माणूस इथे घंटी वाजवत होता, आणि पेला त्याचा होता.

आठवड्यानं आचारसंहिता लागणार होती. महापालिकेच्या पुढच्या पाच वर्षांच्या अग्रक्रमांची यादी राजश्रीनं करून दिली होती. पहिला क्रमांक होता, ‘व्हॉल्व्हवर काम करणाऱ्या नव्या माणसांची भरती आणि बाबालाल शिकलगार यांच्या हाताखाली त्यांचं शिक्षण’. ताईंनी तो खोडून तिथे लिहिलं, ‘संपूर्ण स्वयंचलित पाणीपुरवठा’. आणि मग त्यांना ती युक्ती सुचली. आपल्याकडे माणसाला जागेवरून हलवायचं असेल तर त्याला शिक्षा करत नाहीत, त्याचा सत्कार करतात.

मंगळवारी नगरभवनात बाबालालला शाल, श्रीफळ आणि त्याच्या गुडघ्याएवढी ट्रॉफी मिळाली. वर बढतीचा आदेश होता. पाणीपुरवठा पर्यवेक्षक, मुख्य इमारत, तिसरा मजला, उद्यापासून. टाळ्या थांबेनात. बाबालाल आदेश वाचत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “ताई, चावी कुणाकडं देऊ?”

“आता चावीची गरज नाही. यंत्र फिरवेल.”

व्यासपीठामागे राजश्रीनं ताईंना गाठलं. “श्रेयमापकात टाकून बघू या का आधी? ते नसतील तर काय होईल, दहा मिनिटांत कळेल.”

“गरीब माणसाला बढती द्यायची, तीही यंत्राला विचारून?” ताई म्हणाल्या. आवाजात इतका सात्त्विक संताप होता की राजश्री मागे फिरली.

ताईंचा हिशेब सरळ होता. शेवटचा श्रेयांक मतदानाआधी आठ दिवस निघणार. तोवर बाबालालशिवाय टेकडीला पाणी चढत राहिलं, तर अठ्ठावन्नाचे पाय मातीचेच होते हे सिद्ध होईल. घरी आल्यावर रमाकांत नुसतेच हसले. “झकास चाल,” ते म्हणाले. चाल त्यांच्या लक्षात आली, याचाच ताईंना जास्त राग आला.

बुधवारी आचारसंहिता लागली. तीन-चार दिवस पाणी नीट चढलं. मग खालच्या पेठेत घंटी वाजत नाही हे अंगवळणी पडलं आणि मोटरा जरा जास्त वेळ चालू राहू लागल्या. मोटरांनी पाणी ओढलं की खालचा दाब उतरे. दाब उतरला की स्वयंचलित यंत्राला वाटे, खालची पेठ तहानलेली आहे. ते खालचा व्हॉल्व्ह आणखी उघडी. यंत्राची काही चूक नव्हती. त्याला जेवढं दिसत होतं तेवढ्यात ते शहाणपणानंच वागत होतं. दहाव्या दिवशी टेकडीवर करंगळीएवढी धार उरली. अकराव्या दिवशी व्हॉल्व्ह झटक्यात बंद झाला, पाणी माघारी फिरलं आणि चढावरचा जुना सांधा फुटला.

ताई तिसऱ्या मजल्यावर गेल्या. बाबालाल रिकाम्या टेबलाशी इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

“सांधा फुटला,” त्या म्हणाल्या.

“कळलं ताई.” त्यानं मान खाली घातली. “सांधा जोडतील दोन दिसांत. पर घंटीबिगर पाणी वर जायाचं न्हाई.” मग बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हणाला, “ह्या इमारतीची टाकी बी गळतीया. भिंतीला कान लावला की ऐकू येतंय.”

त्या दिवशी ताईंनी राजश्रीला बोलावून दार लावून घेतलं. नियम कामाच्या दाव्यांना होता. नुकसानीचा श्रेयांक आजवर कुणी मागितला नव्हता. त्यांनी मागितला. श्रेयमापकानं दहा मिनिटं घेतली.

“एक्क्याण्णव टक्के,” राजश्री म्हणाली. कुणाचे, ते तिनं सांगितलं नाही.

ताई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. पंधरा वर्षांत पहिल्यांदा एखादं काम इतकं पूर्णपणे त्यांचं निघालं होतं. त्यात भाऊ नव्हते, पाऊस नव्हता, चावीवाला नव्हता.

“त्याला आज परत पाठवते.”

“आचारसंहिता आहे ताई. आता बदली-बढतीला हात लावता येत नाही. आयोगाकडे अर्ज करता येतो, पण कारण लिहावं लागतं. आणि तो अर्ज कारणासकट महापालिकेच्या दारावर लावतात.”

रमाकांतनी घरी अगदी शांतपणे समजावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, त्यांना निवडणुका कळत होत्या, इतकंच. “मतदानाला पंधरा दिवस राहिलेत. सांध्याचं खापर ठेकेदारावर फोड. निकालानंतर त्याला परत पाठव. तू हरलीस तर येणारा काय त्याला सांभाळणार आहे? आणि लोकांना कळायचं काही कारणच नाही.”

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. त्याची खात्री करून घ्यायलाच जणू ताई सकाळी टेकडीवर गेल्या. मालन धोत्रे खालून घागर घेऊन चढत होती. मध्ये दोनदा टेकली. ताईंना बघून तिनं पदर सावरला. ताई ऐकायच्या तयारीनंच आल्या होत्या, पण शिव्या आल्या नाहीत.

“चाचांचं सोनं केलंत ताई,” ती धापा टाकत म्हणाली. “जल्मभर खड्ड्यात बसला माणूस. आम्ही सोसतो की थोडे दिस. पाणी काय, येईल.” मग तिनं घरात नेऊन चहा दिला, त्याच फुलाफुलांच्या कपात. पाणी पुरवायचं म्हणून अर्धाच. खिडकीवर स्टीलचा पेला पालथा होता, घासलेला.

आजही त्याच्याकडे बघताना हेवा वाटला, आणि त्याची ताईंना लाज वाटली. पण आता त्यात भीतीही होती. हा पेला असाच पालथा राहिला, तर तो आपण पालथा घातला हे जगात दोघा-तिघांनाच ठाऊक असेल, आणि त्यातल्या एक आपण असू.

अर्जाचा मसुदा कार्यालयातल्या लिपिकानं तयार केला होता. कारणाच्या रकान्यात त्यानं सवयीनं लिहिलं होतं, ‘प्रशासकीय कारणास्तव’. ताईंनी ते खोडलं आणि आपल्या हातानं लिहिलं, ‘टेकडीच्या पाण्याचं श्रेय या माणसाचं आहे, हे मला सहन झालं नाही. म्हणून मी त्याला बढती देऊन दूर केलं. त्यामुळे पाणी गेलं. श्रेयांक सोबत जोडला आहे. पगार बढतीचाच ठेवून त्याला चावीवर परत पाठवावं.’

लिपिकानं वाचून सांगितलं, “ताई, एवढं सविस्तर लागत नाही.”

“लागतं,” त्या म्हणाल्या.

तीन दिवसांत मंजुरी आली. अर्ज दारावर लागला आणि त्याच दुपारी त्याची छायाचित्रं शहरभर फिरली. विरोधकांनी फलक लावले, ‘टेकडीचं पाणी घालवणाऱ्या ताई’, आणि खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत ‘९१ टक्के’. नियमाला धरून होतं सगळं. काही लोकांना ताईंचं कौतुक वाटलं, पण कौतुक वाटणारे सगळेच मत देतात असं नाही. उर्मिला ताठे आठशे बारा मतांनी हरल्या. त्यांनी लिहिलेला अग्रक्रम नव्या महापौरांनी काढून टाकला आणि राजश्रीचा पुन्हा पहिल्या क्रमांकावर घेतला. चांगला होता, म्हणून घेतला. श्रेयही घेतलं.

निकालानंतरच्या सोमवारी सकाळी ताई ओट्याशी चहा ढवळत होत्या. दारात गाडी नव्हती, वॉचमनही काढला होता. सहाच्या सुमाराला पेठेच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली. एकदा, दोनदा, तीनदा. हेवा काही गेला नव्हता. गल्लीतल्या मोटरा एकेक करून थांबू लागल्या.

ताईंनी गॅस बारीक केला, मागच्या अंगणात गेल्या आणि मोटरचं बटण बंद केलं.

“अगं, टाकी अर्धीच भरलीय,” रमाकांत न्हाणीघरातून म्हणाले.

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या, आणि मंगल कार्यालयातली मोटर बंद करायला जायचं म्हणून चपला शोधू लागल्या.